खोल बाजू

बायकांची दुपारची बॅच पाण्यात उतरली होती. कपडे बदलायच्या खोलीतून सगळ्यात शेवटी एक मुलगी बाहेर आली, आणि उंच खुर्चीवर बसलेल्या मास्तरांनी पाहिलं तर ती त्यांचीच मुलगी होती.

अंगात कोरा करकरीत निळा पोशाख, डोक्याला घट्ट टोपी. खुर्चीकडे तिने एकदाही मान वळवली नाही. शॉवरखाली उभी राहून अंग ओलं केलं आणि उथळ बाजूच्या पायऱ्या सोडून सरळ काठाकाठाने खोल बाजूला चालत आली. तिथल्या शिडीचे दांडे धरून ती पाण्याकडे पाठ करून उतरायला लागली.

मास्तरांच्या तोंडात शिट्टी होती. ती त्यांना वाजवताच आली नाही. फुंकायला छातीत हवाच नव्हती.

तिने दांडे सोडले.

खुर्चीवरून आपण कसे उतरलो हे त्यांना नंतरही आठवलं नाही. शर्ट-पँटसकट ते पाण्यात होते आणि तिचा दंड त्यांच्या मुठीत होता.

"बाबा, सोड. मी ठीक आहे."

"बाहेर."

"अरे पोहतेय मी! सोड ना, सगळ्या बघतायत."

"बाहेर हो म्हणतो ना!"

त्यांनी तिला ओढत काठाशी आणलं आणि पोतं टाकावं तशी वर ढकलली. तलावातली सगळी हालचाल थांबली होती. बायका कडेच्या दांडीला धरून माना वळवून बघत होत्या. त्यांतली एक जाडजूड बाई, जिला तरंगायला शिकवता शिकवता मास्तर टेकीला आले होते, ती घाबऱ्या आवाजात म्हणाली, "अगंबाई, बुडत होती की काय, मास्तर?"

"हो," मास्तर म्हणाले.

मुलगी काठावर उभी राहिली. दंडावर त्यांच्या बोटांचे लाल वळ उठले होते. थंडीने दात वाजत होते, तरी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "नव्हते बुडत." आणि ओल्या फरशीवर पाय आपटत निघून गेली.

गावात ज्यांना म्हणून पोहता येत होतं, त्यांतल्या बऱ्याच जणांना मास्तरांनीच शिकवलं होतं. त्यांना त्यांच्या नावाने हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं; बायकोसुद्धा चार लोकांत 'मास्तर' म्हणायची. मुलीला मात्र घरीदारी सगळे मुंगी म्हणत. लहानपणी ती होतीच तेवढीशी, आणि एकदा मनात आलं की भिंत चढल्याशिवाय राहायची नाही. नीट बोलायला लागायच्या आधी ती पोहायला लागली. मास्तर तिला पाण्यात सोडायचे आणि आपण काठावर बसून बघायचे, हे आपण घडवलंय या कौतुकाने. बायको म्हणायची, "माझी पोर बेडूक करून ठेवलीत तुम्ही."

मुंगी अकरा वर्षांची असताना एका शर्यतीत मधल्या पट्ट्यातून ती सगळ्यांच्या पुढे होती. मध्येच तिचे हात थांबले. बघणाऱ्यांना वाटलं, दमली. काहीजण हसलेसुद्धा. मास्तरांनी उडी मारली तेव्हा ती लाकडासारखी ताठ झालेली होती, आणि मग त्यांच्या हातात ती अशी थडथडायला लागली की आजूबाजूचं पाणी हादरत होतं. ओठ निळे. डोळे उघडे, पण त्यांत मुंगी नव्हती.

मग तपासण्या, मग गोळ्या, मग दुसऱ्या गोळ्या. झटके कमी झाले, थांबले मात्र नाहीत. कधी दोन-तीन महिने निवांत जायचे आणि आता सुटलो असं वाटायला लागलं की जिन्यात धाडकन आवाज यायचा. मास्तरांनी न्हाणीघराची आतली कडी काढून टाकली. पलंग विकला, गाद्या जमिनीवर आल्या. टेबलाच्या कोपऱ्यांना चिंध्या गुंडाळल्या. मुंगीला शेगडीजवळ उभं राहायची बंदी झाली. आई तिच्या शेजारी झोपायला लागली, हात लावला की लागेल एवढ्या अंतरावर. घरात कुठेही भांडं पडलं तरी दोघं नवरा-बायको दोन खोल्यांतून धावत यायचे आणि दारात एकमेकांवर आदळायचे. मुंगी स्वयंपाकघरातून ओरडायची, "झाकण होतं! झाकण पडलं! जिवंत आहे मी!"

बायको सकाळ-संध्याकाळ देवापुढे हात जोडून बसायची. मास्तरांनी ते सोडून दिलं होतं.

"एखादा माणूस समोर गटांगळ्या खातोय आणि मी खुर्चीत बसून नुसता बघत राहिलो, तर काय करतील माझं?" ते तिला म्हणायचे. "हाकलून देतील नोकरीवरून. आणि हा तुझा बघत बसतो, तर तू त्याच्या पाया पडतेस."

"हळू बोला. ऐकेल तो."

"ऐकू दे की. ज्याने सगळं बनवलं त्याला पोरीच्या डोक्यातली एक तार नीट बसवता आली नाही? ऐकून करणार काय आहे? अजून काय करायचं ठेवलंय त्याने?"

 करायचं पुष्कळ शिल्लक होतं, हे दोघांनाही माहीत होतं.

तलावावरच्या त्या प्रकारानंतर संध्याकाळभर मुंगी भिंतीकडे तोंड करून बसली. ती आता चांगली मोठी होती, कमावती होती. ऐकू न येणाऱ्यांसाठी जी यंत्रं असतात ती विकणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या एका दुकानात ती काम करायची. डोळ्याला भिंग लावून तांदळाच्या दाण्याएवढे स्क्रू बसवायची. आईने जेवायला हाक मारली तशी ती उठून आली, पण ताटावर बसली नाही.

"आई, उद्या जिना उतरताना मी मरू शकते ना?"

"जिभेला काही हाड? दिवेलागणीच्या वेळी काय बोलतेस!"

"शकते की नाही? मग जिना काढून टाका. बाबा, स्क्रू-ड्रायव्हर देऊ?"

"डॉक्टर काय म्हणाले ते ऐकलंयस ना तू?" मास्तर म्हणाले.

"तूच नीट ऐकलं नाहीस. ते म्हणाले, शेजारी जाणता माणूस असेल तर पोहायला हरकत नाही, पण धोका शून्य आहे असं मी सांगणार नाही. तू 'धोका' ऐकलास आणि उठलास. अख्ख्या गावात माझ्या घरात आहे तेवढा जाणता माणूस आणखी कुणाच्या घरात आहे?"

मास्तर जेवत राहिले.

"तू देवाशी कशावरून भांडतोस?" तिचा आवाज चढला. "तो थांबवत नाही म्हणून. आणि मी तुझ्याशी कशावरून भांडतेय? तू थांबवतोस म्हणून. वरच्याने नक्की करायचं काय, ते एकदा ठरवा तरी!"

"तू पाण्यात उतरायचं नाहीस. विषय संपला."

मुंगी क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिली. मग खाली बसली आणि तिने ताट ओढलं.

"ठीक आहे," ती म्हणाली.

इतक्या सहजासहजी 'ठीक आहे' म्हणणारी पोर ती नव्हती. पण त्या दोन शब्दांनी मास्तरांच्या जिवावरचं ओझं उतरलं आणि त्यांनी पुढे विचार केला नाही. त्यानंतर घर शांत झालं. मुंगी हसायला-खिदळायला लागली, आईला चिडवायला लागली. झटकासुद्धा बरेच दिवस आला नाही. बायको म्हणाली, "बघा, मी मागितलं ते त्याने दिलं." मास्तरांनाही मनातून तसंच वाटायला लागलं होतं.

मग एका बुधवारी तलाव साफसफाईसाठी बंद होता. मास्तर घरी होते. जेवण झाल्यावर हात धुताना त्यांना खिडकीत गोळ्यांचं पाकीट दिसलं. मुंगीची दुपारची गोळी. ती विसरून गेली होती.

बायकोला न सांगता ते पाकीट खिशात टाकून स्कूटरवरून दुकानात गेले. मालक आत कुणाच्या तरी कानाचं माप घेत होता. बाहेर मुंगीच्या बरोबरीची मुलगी एकटी बसली होती.

"काका, ती नाहीये."

"जेवायला गेली?"

"नाही… बुधवारी दुपारी ती नसतेच ना. अर्धी सुट्टी असते तिची."

"कधीपासून?"

मुलीने आतल्या दाराकडे पाहिलं. तिचा चेहरा उतरला होता. "काका, मी सांगितलं म्हणून सांगू नका. ती खाणीवर जाते."

"कसल्या खाणीवर?"

"ती बंद पडलीय ना दगडाची, गावाबाहेर. पाणी साचलंय तिच्यात. मी एकदा गेले होते तिच्यासोबत, काठावर बसायला. मला नाही येत पोहता. मला बघवेना, काका. मी परत नाही गेले."

स्कूटर कशी चालवली ते मास्तरांचं त्यांनाच ठाऊक. वाटेत एका वळणावर समोरून ट्रक आला, ड्रायव्हरने बाहेर डोकं काढून शिवी हासडली, आणि ती त्यांना कुणीतरी शेजारच्या घरात बोलल्यासारखी ऐकू आली.  खिशातलं पाकीट प्रत्येक खड्ड्याला मांडीवर टोचत होतं. आज तिने गोळी घेतलेली नाही. आज घेतलेली नाही. दुसरा विचारच डोक्यात शिरत नव्हता.

खाणीला कुंपण होतं, पण तारा वाकवून माणूस जाईल एवढी वाट कुणीतरी केली होती. आत सगळीकडून सरळसोट कापलेले दगड, आणि खाली पाणी. हिरवट, काळपट. या पाण्याला उथळ बाजू नव्हती. काठावरून पाऊल टाकलं की थेट खोल.

एका सपाट दगडावर मुंगीचे कपडे घडी करून ठेवलेले होते. बाजूला चपला आणि तिची पिशवी.

पाणी निश्चल होतं. एक तरंग नव्हता.

मास्तरांचं आयुष्य पाणी बघण्यात गेलं होतं. बुडणारा माणूस आरडाओरडा करत नाही, हे त्यांना माहीत होतं. तो आवाज न करता जातो, आणि त्याच्यावरचं पाणी थोड्याच वेळात अगदी असं होतं. त्यांनी बुडबुडे शोधले. पाण्याखाली काही फिकट दिसतंय का ते शोधलं. हाक मारायला तोंड उघडलं, पण हाक मारली आणि उत्तर आलं नाही तर, या भीतीने ते पुन्हा मिटलं. हाक मारेपर्यंत ती कुठेतरी असण्याची शक्यता तरी होती.

"बाबा?"

आवाज पलीकडून आला. समोरच्या भिंतीला पाण्यालगत दगडाचा एक कट्टा पुढे आला होता. त्याच्यावर मुंगी गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. ऊन खात.

 मास्तर तिथेच खाली बसले. त्यांना काय काय म्हणायचं होतं, आणि तोंडातून निघालं ते एवढंच, "गोळी विसरलीस!"

"पिशवीत दुसरं पाकीट असतं. घेतली मी."

"तिथेच थांब. हलू नकोस. मी येतो."

"येऊ नकोस."

"मुंगे, हे बघ—"

"बाबा, इकडून वर जायला वाट नाहीये. मला पाण्यातूनच यायचंय. तू आत उतरलास ना, तर मी येणारच नाही. बसेन इथेच."

"आणि मध्ये काही झालं तर?"

तिने एक पाय पाण्यात सोडला. मग म्हणाली, "तर झालं." आणि जरा खालच्या आवाजात; पण खाणीच्या भिंतींमुळे शब्द न् शब्द ऐकू आला: "आज तू आहेस ना काठावर. इतके दिवस कुणीच नव्हतं."

मास्तरांनी बूट काढले. शर्ट काढला. हे पाणी थंडगार होतं, अशा पाण्यात हातपाय पटकन गारठतात. ती मधोमध असताना काही झालं तर इथून पोहत जायला किती वेळ लागेल, याचा हिशेब त्यांच्या डोक्यात आपोआप झाला. उत्तर वाईट होतं. तळ दिसत नव्हता. आत्ता उडी मारून, दंडाला धरून तिला आणणं त्यांना सहज जमलं असतं. त्या दिवशी तलावात आणलं होतं तसंच. आणि पुढच्या बुधवारी ती तिसरं कुठलं तरी पाणी शोधेल.

"ये," ते म्हणाले.

मुंगी पाण्यात उतरली.

ती येत होती आणि मास्तर बघत होते. तिचे हात एकामागून एक वर येत होते आणि प्रत्येक हात पाण्यात गेला की दुसरा वर येईपर्यंत त्यांचा श्वास अडकत होता. बसवत नव्हतं. उभंही राहवत नव्हतं. ओणवं होऊन त्यांनी काठाचा दगड बोटांनी घट्ट धरला होता. इतकी वर्षं त्यांनी वरच्याला निवांत बसलेला पाहिलं होतं, खुर्चीत रेलून, दुसरीकडेच बघत. आज पहिल्यांदा त्यांच्या मनात आलं की त्यालाही कदाचित अशीच भीती वाटत असेल. त्यानेही कधीतरी 'ये' म्हटलं असेल आणि तेव्हापासून त्याची बोटं अशीच दगडाला रुतलेली असतील. या विचाराने त्यांना धीर आला नाही. उलट जास्तच भरून आलं. तोच घाबरलेला असेल, तर मग बघायचं कुणाकडे?

मधोमध आल्यावर मुंगीचे हात थांबले.

मास्तर पाण्यात होते.  पुढचा हात त्यांनी टाकलासुद्धा होता. तेवढ्यात तिचा हात वर आला आणि हलला.

"दम खातेय! उताणी पडलेय नुसती!"

त्यांनी मागे वळून काठाचा दगड धरला आणि तसेच लोंबकळत राहिले.  मुंगी आकाशाकडे तोंड करून पडून राहिली, हात पसरून. तिला काही घाई नव्हती. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग ती वळली, आणि आली. त्यांच्या अगदी जवळ येऊन तिने कपाळावरचं पाणी पुसलं.

मास्तरांच्या दातांवर दात बसत नव्हते. "डावा हात आडवा टाकतेस," ते म्हणाले. "हजारदा सांगितलं होतं लहानपणी."

मुंगी हसायला लागली. हसता हसता तिला उचकी लागली. तिने आधी वर चढून त्यांना हात दिला, कारण त्यांना स्वतःहून वर येता येत नव्हतं.

अंगं वाळेपर्यंत दोघं दगडावर बसून राहिली.

"इथे परत यायचं नाही," ते म्हणाले. "माझ्या तलावात यायचं. मी खुर्चीवर असेन."

"शिट्टी?"

"नाही वाजवणार."

"आणि आईला काय सांगायचं?"

मास्तर बूट चढवायला लागले. "त्या खोल पाण्यातून मात्र आपल्याला कुणी बाहेर काढणार नाही," ते म्हणाले.

आईने भांडण केलं नाही. सगळं ऐकून घेतलं, आणि एवढंच म्हणाली, "पोहणारी तुम्ही बनवलीत. मी नुसता जन्म दिलाय. माझं कोण ऐकतंय?" ती तलावाकडे फिरकली नाही. तिला मुळात पाण्याचीच भीती. बादली काठोकाठ भरलेली असली तरी ती लांबून तांब्या बुडवायची. मुंगी तलावावर जायची त्या दिवशी ती खिडकीत बसून राहायची, आणि पोर घरी आली की तिच्या ओल्या केसांवरून हात फिरवायची.

तलावात तिला झटका आला, एकदा. मास्तरांना तिचा डावा हात वर आलेला दिसला आणि उजवा आला नाही. ते पाण्यात पोचले तेव्हा तिचं तोंड नुकतंच खाली गेलं होतं. हनुवटी वर धरून ते तिला छातीशी घेऊन उभे राहिले. झटका थांबवता येत नाही. तो आपला आपण संपेपर्यंत धरून ठेवायचं, एवढंच हातात असतं. बायका काठावर गोळा झाल्या होत्या. त्या जाडजूड बाई रडत होत्या. बऱ्याच वेळाने मुंगीच्या डोळ्यांत मुंगी परत आली. इकडेतिकडे बघून ती घोगऱ्या आवाजात म्हणाली, "कितवी फेरी होती?"

पुढच्या आठवड्यात ती परत आली.  मास्तर खुर्चीवर चढून बसले.

असं दोन वर्षं चाललं. या दोन वर्षांत मास्तरांचे केस पांढरे झाले, आणि मुंगीचा डावा हात सरळ झाला.

आणि एका सकाळी आई नेहमीप्रमाणे उठून गेली, चहाला आधण ठेवलं, तिथूनच हाक मारली, "मुंगे, ऊठ. दुकानाला उशीर होईल." परत मारली. मग आत आली.

मुंगी पालथी होती, तोंड उशीत. अंग गार पडलं होतं.

कसलाही आवाज आला नव्हता. काही आपटलं नव्हतं, काही पडलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, या आजारात कधीकधी असं होतं, झोपेत. शेजारच्यालाही कळत नाही. कुणाच्या हातात नसतं. त्यांनी ते चांगल्या मनाने सांगितलं. आई नुसती म्हणत राहिली, "मी शेजारी होते. मी तिच्या शेजारी होते."

लोक येऊन गेले. कुणी म्हणालं, सुटली बिचारी. कुणी म्हणालं, त्याची इच्छा. मास्तर सगळ्यांना हो हो म्हणत होते. सगळे गेल्यावर एके दिवशी ते भिंतीला टेकून बसलेल्या बायकोला म्हणाले, "पाण्यात गेली असती, तर मी म्हटलं असतं, मी सोडली म्हणून गेली. तिनेच हट्ट केला म्हणून गेली. तू मला बोलली असतीस. बोलायला कुणीतरी मिळालं असतं. पण गादीवर? तुझ्या हाताशी? हे कुणी ठरवलं? तिने नाही, मी नाही, तू नाही."

"मला नका विचारू," ती म्हणाली. "मी त्याला विचारायचं बंद केलंय."

देवापुढची तिची जागा बरेच दिवस रिकामीच होती.

शेजारच्या घरात एकदा मोठं पातेलं पडलं. दोघंही आपापल्या जागेवरून अर्धवट उठली. मग खाली बसली. त्या क्षणी मास्तरांना काय गेलंय ते पुरतं कळलं. इतकी वर्षं झोपेतसुद्धा त्यांचे कान जागे असायचे. जिना, न्हाणीघर, उशिरा येणारी बस, न उचललेला फोन, सगळ्याला भीती लगडलेली असायची. त्या भीतीला ते वैतागले होते, तिने त्यांचं आयुष्य खाल्लं होतं. आता घरात कुठेही काही पडलं तरी चालणार होतं. घाबरायला काही उरलं नव्हतं. ते कामावर जात, खुर्चीवर बसत, पाणी बघत. त्यांचं लक्ष कधी चुकलं नाही. पण पोटात काही हलायचं नाही.

असे कितीतरी महिने गेले. मग एका दुपारी, बायकांची बॅच पाण्यात असताना, कपडे बदलायच्या खोलीच्या दारात त्यांना बायको दिसली.

खांद्यावर ढगळ झालेला काळा पोशाख, नवा, अजून दुकानाचा वास असलेला. वरून टॉवेल घट्ट गुंडाळलेला. ती भिंतीला पाठ लावून उभी होती आणि पाण्याकडे बघत होती. मास्तर खुर्चीवरून उतरून तिच्याजवळ गेले.

"अगं, तू?"

"कुठून उतरायचं?"

"कशाला आता हे? या वयात?"

"ती एवढी काय बघायची आत," ती म्हणाली, "ते मला बघायचंय."

 मास्तरांनी तिच्या अंगावरचा टॉवेल काढून घेतला, घडी करून बाकावर ठेवला, आणि तिला उथळ बाजूच्या पायऱ्यांपाशी नेलं. पहिल्या पायरीवर पाऊल ओलं झालं तशी तिने त्यांचं मनगट दोन्ही हातांनी धरलं.

"अहो, सोडू नका हं."

"नाही सोडत."

"मी सांगितल्याशिवाय सोडू नका."

"बरं."

पाणी गुडघ्यापर्यंत आलं, कमरेपर्यंत आलं. ती डोळे मिटून, काहीतरी पुटपुटत एकेक पायरी उतरत होती. देवाशी बोलत होती, की पोरीशी, ते कळत नव्हतं. खाली पोचल्यावर तिने त्यांचं मनगट सोडून भिंतीकडची दांडी पकडली. पाणी तिच्या छातीला लागलं होतं. तिचा श्वास भराभर चालला होता.

"आता तुम्ही वर जा," ती म्हणाली.

"मी इथेच थांबतो."

"नको. तिच्या वेळी बसायचात तिथे जा."

मास्तर वर जाऊन बसले. सबंध तलावात त्यांना एवढीच एक दिसत होती, पांढरे केस, दांडीवर आवळलेल्या मुठी. तिचा पाय घसरला तर? पाणी नाकातोंडात गेलं तर? त्यांच्या पोटात गोळा आला.  त्यांनी खुर्चीचे हात घट्ट धरले.

"बघताय ना?" तिने मान न वळवता विचारलं.

"बघतोय."

तिने एक हात दांडीवरून काढला.